माशाला मातीचा वास का येतो? शेततळ्यातल्या मासळीविषयी प्रश्नोत्तरे

उन्हाळा तोंडावर आला की जळगाव, धुळे, नंदुरबारकडून येणाऱ्या प्रश्नांचा सूर एकच असतो. मासे चांगले पोसले, वजनही भरले, पण खाणारा नाक मुरडतो, मांस मऊ लागते, व्यापारी भाव पाडतो. मग कोणी बीजाला, म्हणजे तळ्यात सोडलेल्या पिल्लांना दोष देतो, कोणी पेंडीला, कोणी नशिबाला. त्यातले वारंवार येणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. तळे पाहिल्याशिवाय आणि पाणी तपासल्याशिवाय शेवटचा निर्णय देता येत नाही, ही अट प्रत्येक उत्तराला लागू आहे.

प्रश्न : शेततळ्यात सॅल्मन पाळता येईल का? एक जण बीज घरपोच देतो म्हणतो. (अमळनेर)

नाही. सॅल्मन थंड पाण्यातला मासा आहे. तो साधारण ८ ते १४ अंशांत नीट वाढतो. तुमच्या तळ्याचे पाणी एप्रिलमध्येच ३० अंशांच्या आसपास जाते. बीज देणाऱ्याला एक रुपयाही आगाऊ देऊ नका आणि सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात त्याची माहिती द्या.

प्रश्न : मॉलमध्ये मिळणाऱ्या सॅल्मनला लाल रंगाचे इंजेक्शन देतात असा व्हिडिओ फिरतो आहे. खरे काय? आणि तो पाळलेला असेल तर कमी प्रतीचा समजायचा का? (जळगाव)

इंजेक्शन देत नाहीत. रंग खाद्यातून येतो. मोकळ्या समुद्रातला सॅल्मन कोळंबीच्या जातीचे बारीक जीव खातो. त्यांच्यातले अ‍ॅस्टाझँथिन नावाचे तांबूस रंगद्रव्य त्याच्या मांसात साठते. नॉर्वे, चिली, स्कॉटलंड इथल्या पिंजऱ्यांत तो गोळी खाद्यावर वाढतो, म्हणून तेच रंगद्रव्य खाद्यात मिसळतात. कधी ते कारखान्यात बनवलेले असते, कधी यीस्टपासून किंवा शेवाळापासून काढलेले. न मिसळल्यास मांस फिकट, करड्या छटेचे राहते. तेव्हा गडद रंगावरून मासा ताजा आहे असे ठरवू नका. खाद्यात रंगद्रव्य किती होते, एवढेच त्यावरून कळते.

प्रतीचा प्रश्न मात्र योग्य आहे. पिंजऱ्यातला मासा भरपूर तेलाच्या खाद्यावर वाढतो, त्यामुळे त्याच्या मांसात चरबी मोकळ्या माशापेक्षा पुष्कळ जास्त, अनेकदा दुप्पट असते. खाद्यात माशाच्या तेलाऐवजी मोहरीवर्गातले किंवा सोयाबीनचे तेल वाढले की मांसातल्या ओमेगा-३ चे प्रमाण उतरते. मासा प्रवाहाविरुद्ध पोहत राहिला तर मांस घट्ट होते, दाटीत नुसता तरंगत राहिला तर सैल पडते. नॉर्वेने माशाचे हाल होऊ नयेत म्हणून पिंजऱ्यातल्या दाटीवर घनमीटरला २५ किलोची मर्यादा घातली आहे. पाळलेला म्हणून वाईट, असा सरसकट निकाल देता येत नाही. कसा पाळला, कसा मारला आणि किती थंडीत इथवर आला, हे पाहावे लागते.

आणि ‘इंडियन सॅल्मन’ या नावाने रावस विकतात. रावस उत्तम मासा आहे, पण सॅल्मनशी त्याचे कूळ जुळत नाही. त्याला रावसाचाच भाव द्या.

प्रश्न : आमच्या शेततळ्याला ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद आहे. तळाला माती नावाला नाही. रोहू, कटला सव्वा किलोचे झाले. पण गिऱ्हाईक म्हणते, “भाऊ, मासाले चिखलना वास येस.” चिखलच नसताना वास कुठून? (पारोळा)

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि दरवर्षी उशिरा येतो, मासे काढून झाल्यावर. म्हणून सविस्तर लिहितो.

हा वास चिखलाचा नसतोच. पाण्यात वाढणारे निळे-हिरवे शेवाळ आणि गाळात, सडक्या काडीकचऱ्यात वाढणारे काही जिवाणू दोन द्रव्ये तयार करतात. एकाचे नाव जिओस्मिन, दुसरे त्याचे भाऊबंद, त्याला थोडक्यात एमआयबी म्हणतात. पहिला पाऊस पडल्यावर जमिनीतून जो वास येतो तोही मुख्यतः जिओस्मिनचाच. नाकाला तो इतका लवकर कळतो, की एका लिटर पाण्यात एका ग्रॅमचा दहा कोटीवा भाग असला तरी पुरतो. मासा कल्ल्यांवरून सतत पाणी खेळवतो, त्या वाटेने ही द्रव्ये अंगात शिरतात आणि चरबीत जाऊन बसतात. कांद्याशेजारी उघडे ठेवलेले लोणी जसा वास धरते, तशी माशाची चरबी हा वास धरते. वास शिरायला काही तास पुरतात, निघायला मात्र कित्येक दिवस लागतात. पोटाकडचा भाग आणि कातडीखालची तपकिरी पट्टी जास्त चरबीची, म्हणून वास तिथे अधिक.

आता तुमचे तळे पाहा. कागदाच्या तळ्यात मातीचा तळ नसतो, पण उरलेले खाद्य आणि माशांची विष्ठा मधोमध साचून काळा थर बनतो. त्यातून स्फुरद (फॉस्फरस) सुटते. वरून कोंबडीखत टाकले असेल तर आणखी सुटते. फेब्रुवारीनंतर ऊन चढते, केळीला किंवा कपाशीला ठिबकने पाणी जाऊ लागते, तळे अर्ध्यावर येते, नवे पाणी मिळत नाही. उथळ, गरम, थांबलेले, खताने भरलेले पाणी म्हणजे निळ्या-हिरव्या शेवाळाला हवे ते सगळे. वाऱ्याच्या दिशेच्या कोपऱ्यात हिरवा रंग सांडल्यासारखी साय धरते, हाताला लागली तर तेलकट वाटते. आणि नेमके तेव्हाच, पाणी कमरेपर्यंत उतरल्यावर, ‘आता जाळे ओढायला सोपे’ म्हणून मासे काढले जातात. वर्षातला सगळ्यात वाईट आठवडा निवडून मासा बाजारात जातो, ही खान्देशातली खरी अडचण आहे. बीज बदलून, पेंड बदलून ती सुटत नाही.

मग करायचे काय?

पहिले, मासा विकण्यापूर्वी चाखा. अमेरिकेतल्या मागूरवर्गीय माशांच्या कारखान्यांत हा पक्का रिवाज आहे : तळ्यातला नमुना शिजवून चाखल्याशिवाय तिथे गाडी भरली जात नाही. काढणीच्या १५ दिवस आधी, मग ३ दिवस आधी आणि काढणीच्या सकाळी, असा तीनदा नमुना घ्यावा. लहान, मध्यम, मोठा असे तीन मासे धरा. प्रत्येकाचा शेपटीकडचा साधारण १०० ग्रॅमचा तुकडा कातडीसकट कापा. मीठ, हळद, तेल काहीही लावू नका. झाकणाच्या भांड्यात पाच-सात मिनिटे वाफवा. झाकण उघडताच आधी हुंगा, मग चाखा. तंबाखू, गुटखा, विडी खाणाऱ्या-ओढणाऱ्याच्या जिभेवर हे काम सोपवू नका. घरातल्या दोघा-तिघांकडून वेगवेगळे मत घ्या. एका माशालाही वास आला तर काढणी थांबवा.

दुसरे, वास आला तर मासा स्वच्छ पाण्यात ठेवून तो वास निघू द्या. १०,००० लिटरच्या टाकीत २०० किलोपेक्षा जास्त मासा नको. टाकी आधी चुन्याने घासून धुवा, कारण भिंतीवरच्या बुळबुळीत थरातही तेच शेवाळ आणि तेच जिवाणू असतात. न घासलेल्या टाकीत मासा आठ दिवस ठेवला तरी वास जात नाही आणि मग लोक म्हणतात, उपाय फसला. वर शेडनेट ताणा. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी चालते, पण बोअरच्या पाण्यात प्राणवायू नसल्यात जमा असतो, म्हणून ते जाळीवरून किंवा फवाऱ्याने उंचावरून पाडा आणि एरेटर (पाण्यात हवा खेळवणारे यंत्र) रात्रंदिवस चालू ठेवा. दिवसातून निदान एकदा टाकीतले सगळे पाणी बदलले जाईल एवढा ओघ असावा. या काळात खाद्य पूर्ण बंद. वास हलका असेल तर रोहू-कटल्याला ३ ते ५ दिवस पुरतात, चरबीच्या पंगसला ७ ते १० दिवसही लागतात. थंडीत याहून जास्त. वजन थोडे घटते, ते धरून भाव ठरवा. दिवस मोजून मासा बाहेर काढू नका, पुन्हा वाफवून चाखा आणि मग काढा.

तिसरे, पुढच्या हंगामासाठी. खाद्य पसरून टाकू नका, तबकात द्या आणि अर्ध्या तासाने तबक उचलून उरले किती ते पाहा. मधला काळा थर दर १५ दिवसांनी नळी लावून सायफनने बाहेर काढा. तो शेताला सोन्यासारखा लागतो. पाणी हिरवे होऊ लागले की हात कोपरापर्यंत बुडवा. तळहात दिसेनासा झाला तर खत बंद करा आणि खाद्य निम्मे करा. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये आणा. जूनपर्यंत थांबून आणखी पाव किलो वजन मिळेल, या हिशेबात वासापायी पडणारा भाव कोणी धरत नाही. सव्वा किलोचा बिनवासाचा मासा दीड किलोच्या वासाच्या माशापेक्षा जास्त पैसे देतो.

मोरचूद टाकून शेवाळ मारण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. पाण्याची क्षारता (अल्कलिनिटी) मोजल्याशिवाय त्याला हात लावू नका. मात्रा चुकली तर मासे मरतात. मात्रा बरोबर असली तरी मेलेले शेवाळ सडताना प्राणवायू खेचते आणि पेशी फुटल्या की आतले जिओस्मिन एकदम पाण्यात येते, म्हणजे पुढचे काही दिवस वास वाढतो. काढणी जवळ असताना तर हा उपाय नकोच. आधी पाण्याचा नमुना कृषी विज्ञान केंद्रात नेऊन दाखवा.

जिओस्मिन खाल्ल्याने अपाय होत नाही. मात्र निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती विषही तयार करतात आणि ते माशाच्या यकृतात जास्त साठते. दाट साय आलेल्या तळ्यातल्या माशाचे यकृत-आतडे खाऊ नका आणि त्या तळ्याचे पाणी जनावरांना पाजू नका.

प्रश्न : मासळीचा वास घालवणारी पावडर ९०० रुपये किलोने मिळते. तळ्यात टाकावी का? (चोपडा)

नाही. चरबीत बसलेला वास पाण्यात पावडर टाकून निघत नाही. त्या पैशात बोअरच्या पंपाचे आणि एरेटरचे वीजबिल भरा.

प्रश्न : पंगसचे मांस पिवळे निघते. व्यापारी म्हणतो, कावीळ झाली आहे. औषध सांगा. (शिरपूर)

औषध नको, खाद्याची यादी पाठवा. तुमच्याकडे मका मुबलक, त्यामुळे घरी भरडलेल्या खाद्यात अर्ध्याहून अधिक मका असण्याची शक्यता मोठी. पिवळ्या मक्यात, आणि त्याहून जास्त मका ग्लुटेनमध्ये, जी पिवळी रंगद्रव्ये असतात ती पंगसच्या चरबीत साठतात. दाट हिरव्या पाण्यातले शेवाळ खाऊनही हेच होते. व्हिएतनाममध्ये पांढरे, गुलाबी आणि पिवळे मांस वेगवेगळ्या भावाने जाते आणि पिवळ्याला सगळ्यात कमी मिळतो, तो केवळ रंगापायी. तब्येतीला त्याने काही होत नाही.

काढणीच्या दोन-अडीच महिने आधीपासून पिवळा मका आणि ग्लुटेन बंद करा. त्याऐवजी तांदळाची कणी, गव्हाचा कोंडा, सोयापेंड घ्या, पाणी बदलायची सोय वाढवा. रंग सावकाश उतरतो. आठवड्यात फरक दिसला नाही म्हणून पुन्हा जुन्या खाद्यावर जाऊ नका. मात्र कातडी आणि डोळेही पिवळे दिसत असतील, यकृत फिकट किंवा ठिसूळ असेल, मासे सुस्त असतील, तर ही वेगळी गोष्ट आहे. तेव्हा दोन जिवंत मासे पाण्यासकट पिशवीत घालून, प्राणवायू भरून, मत्स्यतज्ज्ञाकडे न्या. मेलेला, उन्हात आलेला मासा तपासून काही कळत नाही.

प्रश्न : सरकीची पेंड स्वस्त पडते. मासे त्यावर फुगतात पण मांसाला चव नाही असे म्हणतात. द्यावी की नाही? (धरणगाव)

एकूण खाद्याच्या दहाव्या भागापर्यंत, तीही ताजी. सरकीत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते. ते प्रथिनातल्या लायसिनला बांधून ठेवते, म्हणून पेंड पोटभर खाऊनही माशाच्या अंगी लागत नाही. लागते ती ऊर्जा, आणि ती पोटातल्या चरबीच्या रूपाने. मासा चिरल्यावर आतड्याभोवती पांढऱ्या चरबीचे गोळे दिसले, तर खाद्यात प्रथिन कमी आणि पिठूळ, तेलकट भाग जास्त आहे, असे समजा. मासा वजनाने भरतो, मांसाने भरत नाही, कारण ती चरबी पोट साफ करताना फेकलीच जाते.

यापेक्षा मला काळजी बुरशीची वाटते. पावसाळ्यात पोत्याला ओल लागली, पेंडीचे खडे हाताला चिकटले, मक्यावर हिरवट-काळी बुरशी दिसली, की ते खाद्य फेकायचे. उन्हात वाळवून देणे हा उपाय नव्हे. बुरशी मरते, तिचे अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तसेच राहते. तसेच तेल न काढलेला भाताचा कोंडा गरमीत पंधरवड्यात खवट होतो आणि ती खवट चरबी माशाच्या मांसाची चव बिघडवते. पोती जमिनीवर नको, फळीवर ठेवा, भिंतीपासून हातभर लांब. एकदम तीन महिन्यांचे खाद्य भरून ठेवण्यात जे वाचते, ते शेवटच्या महिन्यात जाते.

प्रश्न : मासा काढताना चांगला घट्ट असतो. सुरतेला पोहोचेपर्यंत पोट फुटते, मांस पिंजल्यासारखे सुटते. बर्फ तर टाकतो. (शहादा)

किती बर्फ, कधी टाकला आणि मासा मेला कसा, या तीन गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत. अडचण बहुधा तिथेच आहे.

जाळ्यात तासभर तडफडलेला मासा अंगातला साखरेचा साठा संपवतो, मांसात आम्ल वाढते. असा मासा लवकर ताठतो आणि लवकर सैल पडतो. मांसाच्या चकत्यांना जोडणारे पातळ पडदे फाटतात आणि चकत्या सुट्या होतात. सॅल्मनच्या धंद्यात हा मोठा दोष मानतात, म्हणून तिथे मासा मारण्यापूर्वी उपाशी ठेवतात, शांतपणे हलवतात आणि झटक्यात बेशुद्ध करतात. कटल्याच्या मांसालाही हाच नियम लागू होतो. पोट फुटण्याचे कारण वेगळे : आतड्यात खाद्य असेल तर तिथले पाचक रस माशाच्या मरणानंतर पोटाची भिंतच पचवू लागतात आणि ४० अंशांच्या उन्हात हे काम काही तासांत होते.

काढणीच्या २४ ते ४८ तास आधी खाद्य बंद करा. जाळे पहाटे ओढा, सूर्य वर येण्याआधी काम संपवा. जेवढा बर्फ जागेवर तयार आहे तेवढाच मासा एका वेळी घ्या. सगळे तळे एका ओढीत घेऊन मासे चिखलात ढिगाने टाकणे बंद करा. टाकीत दोन भाग बर्फाचा चुरा आणि एक भाग स्वच्छ पाणी घालून ते तयार ठेवा, मासा जाळ्यातून थेट त्यात. पंधरा-वीस मिनिटांनी काढून पेटीत भरा : खाली बर्फ, मग माशांचा थर, पुन्हा बर्फ, कडेनेही बर्फ. एक किलो माशाला एक किलो बर्फ हा किमान हिशेब. मे महिन्यात सुरतेपर्यंत जायचे तर दीड किलो. लादी फोडून मुठीएवढे खडे टाकू नका, माशाला खोक पडते आणि मध्ये मोकळी जागा राहते. पेटीच्या तळाला भोक हवे. वितळलेल्या घाण पाण्यात मासा भिजत राहिला तर बर्फाचा उपयोग उरत नाही. ताठलेला मासा पेटीत बसवण्यासाठी वाकवू नका, चकत्या तिथेच तुटतात. शक्य असेल तर पोट साफ करून, धुऊन मगच भरा.

एवढे करूनही मांस सुटत असेल तर तळ्याचा पहाटेचा प्राणवायू मोजून घ्या. लिटरला ४ मिलिग्रॅमच्या खाली राहणाऱ्या तळ्यातला मासा जाळे लागण्याआधीच दमलेला असतो.

प्रश्न : गाबोळीचा मासा जास्त पौष्टिक असतो ना? (भुसावळ)

गाबोळी पौष्टिक, मांस नाही. पावसाळ्याच्या तोंडावर मादीच्या मांसातली प्रथिने आणि चरबी अंड्यांकडे वळते, त्यामुळे मांस पातळ, पाणीदार लागते. शिवाय तो काळ नदी-धरणातल्या माशांच्या विणीचा. मासेमारीबंदी असेल तिथे ती पाळा आणि तसा मासा विकतही घेऊ नका.

प्रश्न : बायोफ्लॉकच्या टाकीतला मासा केमिकलवर वाढतो, खाऊ नये, असे गावात बोलले जाते. (नवापूर)

ऐकीव आहे. त्या टाकीत गूळ किंवा मळी घालून जिवाणू वाढवतात, ते माशाच्या विष्ठेतला अमोनिया वापरून घेतात आणि मासा त्यांचे पुंजके खातो. दोष असलाच तर वासाचा, कारण तिथेही जिओस्मिन तयार होते. म्हणून टाकीतला मासाही स्वच्छ पाण्यात ठेवून, चाखून मगच विकावा. घेणाऱ्याने टाकी पाहावी : फेस, कुजकट वास, वर येऊन श्वास घेणारे मासे दिसले तर घेऊ नये.

प्रश्न : थंडीत रोहूच्या अंगावर लाल चट्टे आणि जखमा आल्या. दुकानदाराने अ‍ॅन्टिबायोटिक दिले, खाद्यात मिसळून दिले. आता मासे विकायचे आहेत. (साक्री)

आज विकू नका. दुकानदाराने दिलेल्या औषधाचे नाव, मात्रा आणि दिल्याच्या तारखा कागदावर लिहा आणि तो कागद घेऊन मत्स्यव्यवसाय कार्यालयात जा. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातल्या औषधांना खाण्याच्या माशांत अजिबात परवानगी नाही. ज्यांना परवानगी आहे, त्यांच्याही शेवटच्या मात्रेनंतर ठरावीक दिवस मासा काढता येत नाही. ते दिवस औषधाप्रमाणे आणि पाण्याच्या तापमानाप्रमाणे ठरतात, थंडीत ते वाढतात. थंडीतल्या जखमांमागे अनेकदा बुरशीसारखा जीव असतो आणि त्यावर अ‍ॅन्टिबायोटिक चालतच नाही. तसे असेल तर पैसे गेले, औषधाचा अंश माशात राहिला आणि रोग जागेवर. तपासणीशिवाय औषध विकणाऱ्या दुकानदाराकडे पुन्हा जाऊ नका.

प्रश्न : धरणातला मासा चांगला की शेततळ्यातला? (चाळीसगाव)

गिरणा, हतनूर, अनेर यांसारख्या मोठ्या पाण्यातला मासा जास्त पोहतो, विरळ असतो, नैसर्गिक खाणे खातो; त्याचे मांस सहसा घट्ट आणि कमी चरबीचे. पण धरणातला मासा पहाटे जाळ्यात मरून दुपारी बिनबर्फाचा बाजारात आला, तर सकाळी काढून बर्फात आलेला शेततळ्यातला मासा त्याच्यापेक्षा चांगला. कल्ले उघडून पाहा, डोळा फुगीर आहे का पाहा, बोटाने दाबलेला खळगा भरून येतो का पाहा. कल्ल्याला ओला कापूस लावून तो रंगला तर कल्ल्यांना रंग फासलेला असू शकतो, दुसऱ्या वट्ट्यावर जा.

प्रश्न : घरी आणलेल्या माशाला वास आलाच तर स्वयंपाकात काय करावे? (धुळे)

कातडी, पोटाकडची चरबी आणि तपकिरी पट्टी काढून टाका. तुकडे चिंचेच्या कोळात किंवा लिंबूपाण्यात अर्धा तास ठेवा, ते पाणी फेका. आंबटपणाने जिओस्मिनचा वास काहीसा मोडतो. काळ्या मसाल्याने वास झाकला जातो, पण तो वास मातीचा आहे की मासा शिळा झाल्याचा, हे मसाला घालण्याआधीच हुंगून ठरवा. आंबूस, अमोनियासारखा वास असेल तर तो मासा कोणत्याही मसाल्यात खाऊ नये.

प्रश्न : कपाशीवर फवारणी केली, रात्री पाऊस झाला, सकाळी शेततळ्यात मासे तरंगत होते. काही जिवंत आहेत. मजूर मेलेले मासे घरी न्यायचे म्हणतात. (एरंडोल)

कोणालाही नेऊ देऊ नका. मेलेलेही नाहीत, जिवंत दिसणारेही नाहीत. सायपरमेथ्रिनसारखी कीटकनाशके माशाला अत्यंत कमी मात्रेत मारतात आणि जो वाचला त्याच्या अंगातही अंश असतो. मेलेले मासे खड्ड्यात चुना टाकून पुरा, कुत्री-डुकरे उकरणार नाहीत एवढे खोल. तळ्याच्या पाण्याचा एक लिटरचा नमुना आजच स्वच्छ काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून, बूच लावून, बर्फात ठेवा. फवारलेल्या औषधाची रिकामी बाटली लेबलासकट सोबत ठेवा आणि दोन्ही घेऊन मत्स्यव्यवसाय कार्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात जा. ते सांगेपर्यंत जाळे टाकायचे नाही, पाणी जनावरांना पाजायचे नाही. शेताच्या बाजूने तळ्याला हातभर उंच बांध आणि बाहेरून चर नसेल, तर पुढच्या पावसाआधी तो खणा.